तापास कारण की…

स्पेनला जाण्यापूर्वी ‘तापास’, म्हणजे तिथे पेयाबरोबर खायचे छोटे पदार्थ, हा शब्द मी मराठी व्याकरणाच्या सवयीने वाचत असे. ‘ताप’ या नामाला ‘स’ हा प्रत्यय लागला की जसे ‘तापास’ होते, तसा. माद्रिद, सेविया आणि ग्रानादा या शहरांत मिळून नऊ रात्री उभ्याने जेवून परतल्यानंतर ते वाचन अगदीच चुकीचे नव्हते, असे माझे मत झाले आहे.

स्पॅनिशमध्ये ‘तापा’ म्हणजे झाकण. शेरीच्या, म्हणजे तिकडच्या एका वाइनच्या, पेल्यात माश्या पडू नयेत म्हणून त्यावर पावाची किंवा हामोनची, म्हणजे मिठात मुरवून सुकवलेल्या डुकराच्या मांडीची, चकती ठेवत असत, पुढे पिणाऱ्यांचे लक्ष पेल्यावरून झाकणाकडे वळले आणि त्यातून तापास निघाले, अशी कथा तिकडे सांगतात. कथा खरी असो वा नसो, मापापुरती तरी ती खरी आहे, कारण तापा झाकणाएवढाच असतो. पदार्थ ताटलीभर हवा असेल तर ‘रासियोन’ मागायचे आणि निम्मा हवा असेल तर ‘मेदिया रासियोन’. परंतु जाणकारांची रीत अशी की एका ठिकाणी एक-दोन झाकणे खायची, तिथून उठून (उठून तरी कसे म्हणावे, बसलेले कोणीच नसते) पुढच्या दुकानी जायचे आणि तिथे आणखी दोन खायची. भरल्या पानावरून मध्येच उठू नये, हे ऐकत ज्याचे बालपण गेले त्याला एका रात्रीत चार पानांवरून उठावे लागते, तेव्हा आपण जेवलो की नुसते हिंडलो, याचा उलगडा झोपेपर्यंत होत नाही.

माद्रिदमधल्या पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघे अशाच एका बारमध्ये शिरलो. छताला हामोनच्या मांड्या ओळीने टांगलेल्या होत्या आणि त्यांतून ठिबकणारी चरबी गिऱ्हाइकांच्या डोक्यावर पडू नये म्हणून प्रत्येकीच्या टोकाला उलट्या छत्रीसारखी छोटी वाटी खोचलेली होती. आमची ही जन्माची शाकाहारी असल्यामुळे तिने एकवार वर पाहिले आणि पुढचे नऊ दिवस स्पेनमधल्या कोणत्याही छताकडे पाहिले नाही. रांग नावाची वस्तू तिथे नव्हती. फळकुटाच्या पलीकडे दोन वाढपी आणि अलीकडे चाळीस माणसे, असा तो मामला होता. लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाचा वाढपी नेमका आपल्या पानाला वळसा घालून जातो आणि आपण घसा खाकरत राहतो, त्या अनुभवाच्या बळावर मी पंचवीस मिनिटे काढली.

अखेर वाढप्याची नजर माझ्यावर पडली आणि मी पाठ केलेले बोललो. ‘पातातास ब्रावास’ मागणे सोपे गेले. बटाटा आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला आणि येताना नावही घेऊन आला, त्यामुळे पातातास हे बटाट्याचे चुलतभाऊ आहेत, हे कानालाच कळते. ‘ब्रावास’ म्हणजे उग्र. तळलेल्या फोडींवर लाल पापरिकेची सळसळीत चटणी ओतलेली असते आणि स्थानिक मंडळी ती खाताना हाशहुश करतात. मी कोल्हापूरचा आहे. ही चटणी आमच्याकडे उष्टावणाच्या दिवशी बाळाला चाटवली तरी कोणी हरकत घेणार नाही, एवढेच नम्रपणे नोंदवतो. फोडी मात्र आतून लोण्यासारख्या होत्या आणि त्या जिला हव्या होत्या तिने मला त्यांतल्या तीनच दिल्या.

खरा घोटाळा साल्मोरेहोच्या वेळी झाला. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्हचे तेल एकत्र घोटून केलेले कोर्दोबाचे हे थंडगार, घट्ट सार फारच चांगले असते, फक्त त्यावर उकडलेले अंडे आणि हामोनचा चुरा भुरभुरलेला असतो. अंडे मी काढून घेणार होतो. तेव्हा हामोन नको एवढेच सांगायचे होते, म्हणून मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘सिन हाबोन’ म्हणालो. वाढप्याने हातातला पेला खाली ठेवला, माझ्याकडे गंभीरपणे पाहिले आणि आमच्या कोणत्याही पदार्थात तो नसतो, असे सांगितले. हाबोन म्हणजे साबण. आपला साबण पोर्तुगिजांच्या ‘साबाव’वरून आला आणि हाबोन हा त्याच घराण्यातला, म्हणजे मराठी माणसाने तरी हा शब्द ओळखायला हवा होता. साल्मोरेहो आले ते अर्थातच साबणाशिवाय आणि हामोनसकट. त्यानंतर बटाट्याची निरुपद्रवी कोशिंबीर दिसते म्हणून ‘एन्सालादिया रूसा’ मागवली, तर तिच्या पोटात ट्यूना मासा निघाला. तोर्तिया म्हणजे बटाटे घातलेले जाड ऑम्लेट. तेही मलाच खावे लागले. त्यात कांदा असावा की नसावा यावरून स्पेनमध्ये जुने तट आहेत. पोह्यांत बटाटा घालावा की नाही, यावरून ज्या घरात आजही दोन तट आहेत, त्या घरातला असल्यामुळे मी या वादात मत दिले नाही.

सेवियाला पोहोचल्यावर घड्याळाशी गाठ पडली. साडेसात वाजता आम्हांला भूक लागते, हा आमचा दोष नाही. पण दुपारच्या जेवणानंतर बंद झालेली तिथली स्वयंपाकघरे साडेआठच्या आत उघडत नाहीत आणि साडेआठला जेवायला येणाऱ्याकडे दवाखान्यातून परस्पर आलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहतात. तिन्हीसांजेला जेवू नये, असा आमच्या आजीचा दंडक होता. जूनमध्ये सेवियाचा सूर्य पावणेदहाला मावळतो, म्हणजे आजीच्या हिशेबाने दहानंतरच घास तोंडात जायला हवा, आणि नेमकी तीच तिथली वेळ आहे. स्पेनचा नकाशा ग्रिनिचच्या आसपास असला तरी १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळे तासभर पुढे सारली गेली, ती पुन्हा मागे आलीच नाहीत. त्यावर उन्हाळ्यात आणखी एक तास चढतो. इतिहासाने माझ्या पोटावर इतका थेट पाय द्यावा, असे मी त्याचे काय केले होते, कोणास ठाऊक.

सेवियात मात्र एक रात्र पावली. ‘एल रिनकोन्सियो’ हा तिथला जुना बार १६७० सालचा, म्हणजे ज्या वर्षी तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्या वर्षीचा. तिथे ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ मिळते. पालक आणि छोले, त्यात लसूण, तळून वाटलेला पाव आणि जिरे. बशी समोर येताच हिने वाकून वास घेतला आणि जिरे ओळखून तिचा चेहरा माहेरचा माणूस दिसावा तसा फुलला. “अहो, ही तर आपली अळूची भाजी! अळूच्या जागी पालक घातलाय एवढंच,” ती म्हणाली आणि त्या रात्री आम्ही पुढच्या दुकानी गेलो नाही. हात पुसायला जे कागदी रुमाल मिळतात त्यांवर आभार छापलेले असतात. पण ते इतके गुळगुळीत असतात की तेल टिपण्याऐवजी एका बोटावरून दुसऱ्या बोटावर नेऊन ठेवतात. वाढप्याने आमच्यासमोरच्या लाकडावर खडूने आकडे मांडले, बेरीज केली, पैसे घेतले आणि फडक्याने सगळा व्यवहार पुसून टाकला. गल्लीतल्या वाण्याच्या वहीपेक्षा ही पद्धत मला अधिक दिलदार वाटली.

ग्रानादात पेयाबरोबर तापा फुकट मिळतो. हे वाक्य मी निघण्यापूर्वी तीन वेळा वाचून खात्री करून घेतली होती. मात्र काय मिळणार ते सहसा दुकानदार ठरवतो, याकडे माझे दुर्लक्ष झाले. मी बिअरचा छोटा पेला, म्हणजे ‘कान्या’, मागवला आणि हिने ‘मोस्तो’ हा द्राक्षाचा बिनदारूचा रस. दोन पेल्यांबरोबर हामोन घातलेले दोन पाव आले. तिचा मी खाल्ला, माझाही मीच खाल्ला. हामोन खारट असल्यामुळे तहान लागली. म्हणून आणखी दोन पेये मागवली, तेव्हा पुन्हा हामोनच आले. तिसऱ्या फेरीला माझी जीभ कोरड्या स्पंजासारखी झाली होती आणि हिच्या पोटात द्राक्षरसाखेरीज काहीही नव्हते.

तेव्हा पैसे मोजून ‘बेरेनहेनास कोन मियेल दे कान्या’ मागवले. वांग्याचे पातळ काप कुरकुरीत तळलेले, त्यांवर काळसर, दाट काहीतरी सोडलेले. यातला कान्या म्हणजे ऊस. हिने एक काप जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि भर गर्दीत मराठीत ओरडली, “काकवी!” अरबांनी आणलेला ऊस अंदालुसियाच्या, म्हणजे दक्षिण स्पेनच्या, किनाऱ्यावर पिकत आला आणि माळागाजवळच्या फ्रिखिल्याना गावात ही काकवी अजूनही तयार होते. वांगे आणि काकवी ही जोडी आपल्याला कधीच का सुचली नाही, यावर ती बराच वेळ बोलत होती आणि बोलता बोलता तिने तीन बशा संपवल्या. त्या तिन्ही बशांबरोबर तिने मोस्तो घेतला आणि तिन्ही मोस्तोंबरोबर आलेले हामोन मी खाल्ले.

रात्री साडेबारा वाजता मी हात जोडून नळाचे साधे पाणी मागितले, कारण पाण्यावर तापा मिळत नाही, अशी माझी समजूत होती. दुकानदाराने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, पेला काठोकाठ भरून पुढे सरकवला आणि मी तो उचलणार इतक्यात, भल्या माणसाच्या हसऱ्या मुद्रेने, त्यावर झाकण ठेवले. ती छोटी बशी होती आणि तीत हामोनच्या दोन चकत्या होत्या.