सही नाही, म्हणून संशोधनच नको? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडलेल्या माणसाला उपचाराच्या चाचणीत घेणं म्हणजे त्याच्या असहायतेचा फायदा उठवणं, संमती मिळत नसेल तर असं संशोधन होऊच नये. यातली भीती रास्त आहे. पण बंदी घातली तर तिची किंमत याच रुग्णांना मोजावी लागेल.

डोक्याला मार लागलेल्यांना तीसेक वर्षं स्टिरॉइड दिली जात. तो 'उपचार' होता, त्यामुळे संशोधनाची संमती घ्यायचा प्रश्नच नव्हता. २००४ साली हाच उपचार तपासणाऱ्या 'क्रॅश' चाचणीचे निष्कर्ष आले. १०,००८ रुग्ण. दोन आठवड्यांत स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. प्रयोग आधीही चालूच होता, फक्त कुणी मोजत नव्हतं.

सही मिळेपर्यंत थांबा म्हणाल, तर रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड पाहा. अपघातानंतर पहिल्या तीन तासांत दिलं तर जीव वाचतात. त्यानंतर दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू उलट वाढलेले दिसले. नातेवाईक शोधण्यात नि कागद भरण्यात तास गेला, तर रुग्णाचं नुकसान होतंच, शिवाय कामाचं औषध चाचणीत निकामी ठरू शकतं.

म्हणून हेलसिंकी जाहीरनाम्यातल्या, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय नैतिक नियमांतल्या, अटी महत्त्वाच्या. शुद्धीतल्या रुग्णांवर उत्तर मिळण्यासारखं असेल, तर बेशुद्ध माणसाला हात लावायचा नाही. संमतीविना सुरुवात का करावी लागते, हे आराखड्यात आधी लिहायचं, त्याला एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी घ्यायची, आणि पुढे शक्य तितक्या लवकर रुग्णाची किंवा त्याच्या वतीनं निर्णय घेणाऱ्याची संमती घ्यायची.

घोळ होतो तो इथेच. व्हेंटिलेटर काढल्याच्या दिवशी गुंगी उतरलेली नसते, भ्रमही असतो. रुग्ण मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला काहीच आठवत नाही. कोणतं औषध, कशासाठी, नाही म्हटलं तर काय, हे त्यानं स्वतःच्या शब्दांत सांगेपर्यंत ती संमती मानू नये. विचारणारा शक्यतो उपचार करणारा डॉक्टर नसावा. आपल्या डॉक्टरला नकार देणं रुग्णाला जड जातं.

आणि शुद्धीवर येण्याआधीच जो गेला, त्याच्या नोंदींचं काय? संमती नाही म्हणून त्या काढून टाकणं वरवर न्याय्य वाटतं. समजा, एका गटात शंभरातले तीस गेले, दुसऱ्यात वीस. मृतांच्या नोंदी वगळल्या की दोन्हीकडे मृत्यू शून्य! घातक उपचार निर्दोष ठरतो आणि पुढच्या रुग्णांना मिळत राहतो. त्या नोंदी ठेवायलाच हव्यात, मात्र तसं आधी मंजूर करून घेऊन. कुटुंबापासून ही गोष्ट लपवणं मला साफ चुकीचं वाटतं. काही आठवड्यांनी, ऐकण्याच्या मनःस्थितीत असतील तेव्हा, त्यांना सांगायलाच हवं.

'मधेच थांबवणार कोण?' असं तुम्ही विचारलंत. संशोधकांपासून स्वतंत्र असलेली देखरेख समिती, जी चाचणी चालू असतानाच आकडे तपासते. आफ्रिकेतल्या 'फीस्ट' चाचणीत गंभीर तापाच्या मुलांना शिरेतून भराभर सलाइन द्यावं का, हा प्रश्न होता. तातडीच्या वेळी पालकांना आधी तोंडी विचारलं, सविस्तर संमती नंतर घेतली. ठरलेल्या ३,६०० पैकी ३,१४१ मुलं झाल्यावर, २०११च्या जानेवारीत, समितीच्या शिफारशीवरून भरती थांबली. ४८ तासांत सलाइनच्या गटात १०.५ टक्के मुलं दगावली होती, भराभर द्रव न दिलेल्यांत ७.३.