अंशतः खरे आहे

डिसेंबर लागला की लोकांना हुरड्याचे वेध लागतात आणि आम्हाला एलएक्यूचे. एलएक्यू म्हणजे विधानसभेचा तारांकित प्रश्न. तिकडे नागपुरात आमदार उभे राहून मंत्र्यांना विचारतात, मंत्री कागद बघून धडाधड आकडे सांगतात, तुम्हाला टीव्हीवर बघून वाटतं काय अभ्यास आहे राव माणसाचा. तो अभ्यास आमचा असतो. म्हणजे पंचायत समितीच्या मागच्या अंगाला ग्रामीण पाणीपुरवठ्याचं जे उपविभागाचं ऑफिस आहे, तिथं फुटक्या खिडकीला पुठ्ठा लावून बसलेल्या कनिष्ठ सहायकाचा.

प्रश्न विधिमंडळातून मंत्रालयाच्या विभागाकडे जातो, तिथून जिल्हा परिषदेत, तिथून उपअभियंत्याकडे आणि शेवटी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो, तेही शुक्रवारी संध्याकाळी, एसटी गाठायच्या वेळेला. वर "अतितात्काळ, आजच, व्यक्तिशः लक्ष द्यावे". खाली पटापट अंगठे. अंगठा देणारे सगळे घरी जातात, अंगठा द्यायचा राहिलेला थांबतो.

यंदा पीडीएफ उघडली तर गाव माझंच. येथील जल जीवन मिशनच्या नळयोजनेचे काम अपूर्ण असल्याने ग्रामस्थांना टँकरवर अवलंबून राहावे लागत असल्याचे माहे मे महिन्यात वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, दोषींवर कोणती कारवाई केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?

आता हे आमदारसाहेबांच्या निदर्शनास कसं आलं ते मला चांगलं माहिती होतं. मे महिन्यात भावकीतल्या लग्नात ते अक्षता टाकायला आले होते, कार्यकर्ते म्हणाले साहेब दोन घास खाऊन जा, तर आमच्या चुलतीनं, आक्कानं, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हटलं, "बसा की साहेब जेवायला, पण पाणी तुमचं तुम्ही आणलंय ना?" लोक हसले, साहेबही हसले, पण पीएला म्हणाले लिहून घे. माणूस बरा आहे हो. सत्कार आणि दहाव्याला फिरणारे आमदार पुष्कळ असतात, पण मंत्र्याला कागदावर उत्तर द्यायला लावणारा प्रश्न टाकायचा म्हणजे मेहनत आहे, त्यात पुन्हा बॅलटला, म्हणजे प्रश्नांच्या सोडतीत, नंबर लागला पाहिजे. पावसाळी अधिवेशनात लागला नाही. लागला तो डिसेंबरात, जेव्हा विहिरी भरलेल्या असतात आणि गावात टँकरचं चाकसुद्धा दिसत नाही.

गावची खरी परिस्थिती सांगतो. विहीर झाली, उंचावर टाकी झाली, टाकीवर योजनेचं नाव रंगवून झालं, घरोघर नळ बसले. राहिली फक्त वीजजोडणी आणि मधला पाइप. नळ दारात आहेत म्हणून ऑनलाइन गाव शंभर टक्के. आमच्या नळाला शेळी बांधतात, भक्कम आहे.

मी आपला सरळ मसुदा केला, "(१) होय, हे खरे आहे." आमच्या उपअभियंता साहेबांनी चष्मा काढला.

"होय लिहिलंस?"

"साहेब, खरंय ते. मी तिथंच राहतो."

"तू कुठं राहतो ते विचारलंय का त्यांनी? होय म्हटलं की पुढं चौकशी आली, मग दोषी आले. दोषी कोण निघणार, सचिव? तू आणि मी. सध्या टँकर चालू आहे का?"

"डिसेंबर आहे साहेब."

"मग टँकर बंद आहे लिही की."

पण सरळ "हे खरे नाही" लिहावं तर आमदार उद्या सभागृहात फोटो नाचवतील, त्यात माझी शेळी. म्हणून मधला मार्ग, "अंशतः खरे आहे". ज्यानं हा शब्द सरकारी कामकाजात पहिल्यांदा वापरला त्याला माझ्या हातानं नारळ द्यायची इच्छा आहे. मग मसुदा वर चढायला लागला. आमच्याकडं "पाइप टाकला नाही" होतं, जिल्ह्याला त्याचं "पाइपलाइनचे काम प्रगतीपथावर" झालं, आणि मंत्रालयातून आलेल्या अंतिम उत्तरात उद्भव पूर्ण, जलकुंभ पूर्ण, नळजोडण्या पूर्ण, उर्वरित किरकोळ कामे सुरू. आमच्या खात्यात विहिरीला उद्भव म्हणतात, त्यामुळं वर उद्भव पूर्ण आणि शेवटी विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही, असं ते छान जमून आलं होतं.

खरा घाम फोडते ती पूरक टिपणी. छापील प्रश्नाचं उत्तर छापील असतं, पण त्यावर आमदार जे उपप्रश्न विचारतात ते आधीच ओळखून मंत्र्यांच्या हातात उत्तरं द्यायची. ब्रिटिश यात हुशार, १८९२ च्या कायद्यात कौन्सिलात प्रश्न विचारायची मुभा दिली पण उपप्रश्न नाही, तो मिळायला १९०९ उजाडलं. त्यांनाही कळत होतं दुखतंय कुठं. तर मी बसून काल्पनिक उपप्रश्न लिहितोय, मिशन २०१९ ला सुरू झालं, २०२४ ची मुदत होती, आता २०२८ पर्यंत वाढवली, माणशी रोज ५५ लिटरचा निकष, हे सगळं भरतोय, तेवढ्यात आमदारसाहेबांच्या पीएचा फोन.

"भाऊसाहेब, तुमच्याच गावाचा विषय आहे, एकदोन कडक उपप्रश्न सुचवा ना, साहेबांना तयारी करायचीय."

आता गाव माझं, आक्का माझी. सांगितलं की वीजजोडणीचं विचारा. फोन ठेवला आणि वीजजोडणीचं उत्तर टिपणीत घातलं.

त्या दिवशी ऑफिसात सगळे मोबाइलभोवती गोळा. आमचा प्रश्न यादीत बराच खाली, आणि वर एका प्रश्नावरच गोंधळ सुरू, आमदार अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, इकडं आमच्या साहेबांचे ओठ हलत होते, बहुतेक कामकाज तहकूब व्हावं म्हणून नवस चालला असेल. पण प्रश्नोत्तराचा तास संपायच्या जरा आधी नंबर आलाच. आमदारसाहेब गरजले, "अध्यक्ष महोदय, टाकी आहे, नळ आहेत, वीजजोडणी कुठंय?" मंत्र्यांनी कागद उलटला आणि माझं वाक्य, स्वल्पविरामासकट, राज्याला ऐकवलं. मला काय वाटलं सांगू, प्रश्नही माझा, उत्तरही माझं, मधले दोघं नुसते घसा फोडत होते. मग दुसऱ्या एका सन्माननीय सदस्यांनी "माझ्याही मतदारसंघात" म्हणत विषय भलत्याच जिल्ह्यात नेला, तिसऱ्यांनी धरणात. शेवटी मंत्री वैतागून म्हणाले, ३१ मार्चपूर्वी ही योजना कार्यान्वित करू.

हे टिपणीत नव्हतं. आमचे साहेब मटकन बसले. सभागृहात मंत्री "करू" म्हणाले की ते आश्वासन होतं, त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते, आणि समितीला लागणारी माहिती कोणाच्या टेबलावरून जाणार ते सांगायला नको. तरी एक सांगतो, दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा जेसीबी गावात आला. उभाच होता, पण आला.

घरी गेलो तर आक्का ओट्यावर. नातवानं तिला मोबाइलवर सगळं दाखवलेलं.

"काय रे, ते अंशतः कुणी लिहिलं?"

"वरून येतं आक्का."

"पुढच्या लग्नात मी साहेबाला सांगणारय, एवढं लांबडं विचारू नका. नळाला पाणी येतं का नाही, बास. त्याला म्हणून दाखवा म्हणावं अंशतः."

मी म्हटलं, "आक्का, त्यालाही म्हणता येतं."