दाराआड पाच मिनिटं उभं राहून बाळाची अटॅचमेंट कळत नाही

'बाळाचं तुमच्याशी नातं घट्ट आहे का? पाच मिनिटांत ओळखा' असा एक मेसेज सध्या फिरतोय. कृती अशी: बाळाला खोलीत खेळणी देऊन बसवा, बाहेर या, दार ओढून घ्या, पाच मिनिटं थांबा. बाळ रडलं तर अटॅचमेंट, म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाशी असलेलं त्याचं भावनिक नातं, 'असुरक्षित'; शांत राहिलं तर 'सुरक्षित'. याला पुढे चार शेपट्या जोडलेल्या आहेत. रडणाऱ्या बाळाला लगेच उचलू नका, सवय लागते. पाळणाघरात राहणाऱ्या मुलांचं आईशी नातं तुटतं. बाळ दूध देणाऱ्यालाच चिकटतं, हे माकडांवर सिद्ध झालंय. आणि पहिल्या वर्षाचा ठसा जन्मभर पुसत नाही. खात्री करायची तर डोळे मिटून आपल्याच पाळण्यातल्या आठवणी जागवून बघा. शेवटी अर्थातच 'संशोधनात सिद्ध' हा शिक्का.

नात्यातल्या एका चौदा महिन्यांच्या बाळाच्या आईने हा प्रयोग खरंच करून पाहिला. बाळ रडलं. दोन दिवस ती स्वतःला बोल लावत बसली होती. तेव्हा आता जरा सविस्तर.

ज्या प्रयोगाचं हे विडंबन आहे त्याचं नाव 'स्ट्रेंज सिच्युएशन'. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी तो १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये रचला आणि १९७८ साली सहकाऱ्यांबरोबर पुस्तकरूपाने त्याची पूर्ण मांडणी केली. मेसेज लिहिणाऱ्याने त्या पुस्तकातली गुणदानाची प्रकरणं उघडली असती, तर पहिलं वाक्य लिहितानाच हात थांबला असता. कारण त्यात बाळाची अटॅचमेंट ठरते ती आई गेल्यावर ते रडतं की नाही यावरून नव्हे. ती ठरते आई परत आल्यावर ते काय करतं यावरून. मेसेजमध्ये आई परत येतच नाही. पाच मिनिटं संपली की निकाल तयार!

मूळ प्रयोग असा चालतो. बाळ साधारण १२ ते १८ महिन्यांचं. खोली त्याला अनोळखी, त्यात दोन खुर्च्या आणि खेळणी. एकूण आठ टप्पे. पहिला जेमतेम मिनिटभराचा, माय-लेकरांना खोलीत आणून सोडण्याचा. दुसऱ्यात तीन मिनिटं दोघंच. बाळ खेळतं, आई बसून राहते. तिसऱ्यात एक अनोळखी बाई येते. पहिलं मिनिट ती गप्प बसते, दुसऱ्यात आईशी बोलते, तिसऱ्यात बाळाजवळ सरकते. मग आई गुपचूप निघून जाते. चौथ्या टप्प्यात बाळ आणि ती बाई. पाचव्यात आई परत येते, बाळाला शांत करते आणि ते पुन्हा खेळात रमलं की 'येते हं' म्हणून दुसऱ्यांदा जाते. सहाव्यात बाळ एकटं, सातव्यात ती बाई पुन्हा आत, आठव्यात आई परत आणि बाळ कडेवर.

विरहाचे टप्पे तीन मिनिटांचे, आणि तेही जास्तीत जास्त. बाळ फार आकांत करू लागलं की टप्पा तिथेच तोडतात. आरशाच्या काचेमागे कुणीतरी घड्याळ आणि बाळ दोन्ही बघत असतं. मेसेजमध्ये याच्या जागी 'पाच मिनिटं आत जाऊ नका' आहे, तेही बाळ ज्या खोलीत रोज लोळतं त्याच खोलीत. म्हणजे प्रयोगातली 'अनोळखी परिस्थिती' गायब, अनोळखी माणूस गायब, पुनर्भेट गायब, आणि लेकराला एकटं ठेवणं मात्र तीनाऐवजी पाच मिनिटं.

आता गुणदान. पाचव्या आणि आठव्या टप्प्यातलं वागणं प्रामुख्याने चार मोजपट्ट्यांवर तपासलं जातं आणि प्रत्येक पट्टी १ ते ७ अशी असते: आईजवळ येण्याची धडपड, आल्यावर तिला धरून ठेवणं, तिला टाळणं आणि तिला झिडकारणं. यातून तीन गट निघतात. ब गट म्हणजे सुरक्षित. अ गट टाळणारा: आई आली तरी मान फिरवतो, खेळण्यातच बघत राहतो. क गट द्विधा: कडेवर यायला हात पसरतो आणि उचललं की पाय झाडतो, चिडतो, समजूत पटत नाही. या तिन्हींत न बसणाऱ्या, विस्कळीत वागणाऱ्या बाळांसाठी ड गट पुढे मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी १९८०च्या दशकात जोडला.

खरी गंमत पुढे आहे. ब गटाचे चार पोटगट आहेत. ब१ मधली बाळं फारशी रडतच नाहीत. आई आली की लांबूनच हसतात, काहीतरी बडबडतात, हातातलं खेळणं दाखवतात. ब४ मधली बाळं आई गेली की टाहो फोडतात आणि आली की तिला घट्ट बिलगतात. दोन्ही सुरक्षित. त्या चौदा महिन्यांच्या बाळाने आई दिसताच हात वर केले, उचलल्यावर खांद्यावर डोकं टेकलं आणि थोड्या वेळाने खाली उतरून पुन्हा खेळायला गेलं. यातला एकही तपशील मेसेजच्या हिशेबात नाही, आणि प्रयोगात नेमके हेच तपशील मोजतात.

उलट ज्या बाळाला मेसेज 'सुरक्षित' ठरवतो, ते शांत बसलेलं बाळ कदाचित अ गटातलं असेल. स्रूफ आणि वॉटर्स यांनी १९७७ मध्ये अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. चेहरा निर्विकार, नजर खेळण्यावर, आणि ठोके मात्र वाढलेले. आई परतल्यावरही ते बराच वेळ खाली येत नव्हते. बाहेरून शांत म्हणजे आतून शांत, हे गृहीतकच खोटं. अर्थात यावरून शांत बाळांच्या आयांनी आता धास्ती घ्यायची नाही. शांत बाळ ब१ मधलंही असतं, आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही.

घरी हे करताना आणखी काय काय बिघडतं? बाळाची झोप झालेली नसते, भूक लागलेली असते, दात येत असतात. प्रयोगशाळेत अशा बाळाला दुसऱ्या दिवशी बोलावतात. शिवाय 'काल रडलं, आज बघू' म्हणून लोक परत परत करतात. एन्सवर्थ यांनी काही बाळांवर हाच प्रयोग दोन आठवड्यांनी पुन्हा केला, तर बाळं पहिल्यापेक्षा जास्त बिथरलेली निघाली. आधीच्या विरहाची आठवण ताजी होती. रोज घेतलेली चाचणी मग त्या चाचणीनेच दिलेली भीती मोजत राहते. आणि गुण देणारा माणूस प्रशिक्षित असावा लागतो. दोन जणांनी एकमेकांचे गुण न बघता एकच चित्रफीत तपासायची आणि त्यांचे निकाल जुळायला हवेत, अशी अट असते. दाराच्या फटीतून बघणारी धास्तावलेली आई हे काम करूच शकत नाही. तिचा त्यात काही दोष नाही.

एवढं सगळं सांभाळूनही हा प्रयोग एकेका बाळाचं निदान करण्यासाठी नाही. तो गटांची तुलना करण्यासाठी आहे. २०२१ मध्ये या क्षेत्रातल्या सत्तर संशोधकांनी मिळून मुलांच्या ताब्याच्या खटल्यांत अटॅचमेंटचा गैरवापर होतो याबद्दल एक संयुक्त निवेदन काढलं, त्यातही या मापनांच्या एकट्या मुलाबद्दलच्या निष्कर्षांवर विसंबू नका असाच इशारा आहे. जिथे न्यायालयाने जपून राहायचं, तिथे व्हॉट्सॲपने निकाल द्यायचा!

आणि 'असुरक्षित' हा शब्द ऐकून घाबरण्याआधी एक आकडा. व्हॅन आयझेंडॉर्न आणि क्रूनेनबर्ग यांनी १९८८ मध्ये ८ देशांतल्या ३२ नमुन्यांमधली सुमारे २००० बाळं एकत्र मोजली. सरासरी निघाली ६५ टक्के ब, २१ टक्के अ, १४ टक्के क. म्हणजे तीनातलं एक बाळ 'असुरक्षित' गटांत. हा आजार असता तर जगभर साथच म्हणावी लागली असती. त्यात जपानमधली बाळं आईपासून क्वचितच दूर राहायची सवय असलेली, म्हणून त्यांना प्रयोगातला विरह फारच झोंबला आणि क गट फुगला. जे बाळ कधी एकटं राहिलेलंच नाही, त्याचं रडणं आणि रोज चार जणांच्या हाती वाढणाऱ्या बाळाचं रडणं एकाच तराजूत घालता येत नाही.

आता शेपट्या.

'उचललं की सवय लागते.' बेल आणि एन्सवर्थ यांनी १९७२ मध्ये २६ माय-लेकरांच्या निरीक्षणातून उलटं मांडलं: ज्यांच्या रडण्याला सुरुवातीच्या महिन्यांत लवकर प्रतिसाद मिळाला, ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. इथे मात्र मेसेजवाल्याला थोडं द्यावं लागतं, नाखुशीने का होईना. २६ हा नमुना लहान आहे, मांडणीवर लगेच पद्धतशास्त्रीय टीका झाली, आणि २००० साली ५० बाळांवर झालेल्या डच अभ्यासात तो निष्कर्ष पुन्हा सापडला नाही. किरकोळ कुरकुरीला दर वेळी धावून न गेलेल्या आयांची बाळं पुढे कमी वेळा रडली. तेव्हा झोपेतल्या कुरकुरीला अर्धं मिनिट थांबून बघितलं तर काही बिघडत नाही. पण त्या अर्ध्या मिनिटातून 'उचलूच नका' हा नियम निघत नाही. काही महिन्यांच्या बाळाकडे हाक मारायला रडण्याशिवाय दुसरं फारसं काही नसतं.

माकडांचं तर सरळ खोटं आहे. हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या प्रयोगात पिल्लांना दोन नकली आया होत्या, एक तारेची, एक मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली तरी पिल्लं दूध पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि बाकीचा वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. दुधामुळे माया लागते हे मत खोडायलाच तो प्रयोग होता. मेसेजने तो उलटा टांगला आहे.

पाळणाघर: अमेरिकेत १९९१ मध्ये जन्मलेल्या मुलांचा दहा ठिकाणी अभ्यास झाला, १३६४ कुटुंबं. १५ महिन्यांच्या वयात तपासलं तेव्हा पाळणाघरातले तास, ते सुरू केल्याचं वय किंवा तिथला दर्जा यांपैकी कशानेही नुसतं आपल्या बळावर अटॅचमेंट बिघडलेली दिसली नाही. घरात आईचा प्रतिसाद कमी आणि जोडीला पाळणाघर हलक्या दर्जाचं किंवा तास जास्त, अशा जोडीत धोका दिसला. हा 'जोडीत' शब्द मेसेजमधून अर्थातच गळला.

'पहिल्या वर्षाचा ठसा' यातही अर्धंच खरं. बाळ काहीच लक्षात ठेवत नाही असं नाही. कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांचा प्रयोग बघा. पाळण्यावर टांगतं खेळणं, बाळाच्या घोट्याला रेशमी फीत. आधी काही मिनिटं फीत नुसत्या दांडीला बांधायची आणि बाळ एरवी किती लाथा मारतं ते मोजून ठेवायचं. ही मूळ गती माहीत नसेल तर पुढचं मोजमाप फुकट. मग फीत खेळण्याला जोडायची. लाथ मारली की खेळणं हलतं हे बाळाला चटकन उमगतं. काही दिवसांनी फीत न जोडता तेच खेळणं दाखवायचं: मूळ गतीपेक्षा जास्त लाथा पडल्या तर आठवण शिल्लक आहे. तीन महिन्यांच्या बाळांत ती आठवडाभर टिकली, सहा महिन्यांच्या बाळांत सुमारे दोन आठवडे.

पण ही आठवण पायातली. मोठेपणी गोष्टीसारखी सांगता येईल अशी ती नाही. मोठ्या माणसांची पहिली आठवण सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. २०१८ मध्ये ६६४१ लोकांना पहिली आठवण विचारली, तर २४८७ जणांनी दोन वर्षांची किंवा त्याआधीची सांगितली, ८९३ जणांनी एक वर्षाची किंवा त्याआधीची. संशोधकांच्या मते या बहुतेक रचलेल्या, फोटो आणि घरच्यांच्या बोलण्यातून जुळलेल्या आठवणी. सांगणारे खोटं बोलत नसतात, त्यांना ते तसंच दिसतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये २४ जणांना लहानपणचे चार प्रसंग वाचायला दिले. तीन खरे, एक बनावट, पाचेक वर्षांचे असताना दुकानांच्या गर्दीत हरवल्याचा. सहा जणांना तो बनावट प्रसंग पूर्ण किंवा अंशतः 'आठवला'. डोळे मिटून पाळणा आठवायला बसलेल्या माणसाला पाळणा दिसणारच. आणि 'आईने मला रडत ठेवलं होतं' हेही दिसेल, कारण मेसेजने ते आधीच सुचवून ठेवलंय. घरोघरी भांडणं लावण्याचा याहून सोपा मार्ग नसेल.

राहिलं 'जन्मभर'. फ्रेली यांनी २००२ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र केले, तेव्हा पहिल्या वर्षातली आणि पुढच्या वयातली अटॅचमेंट यांचा सहसंबंध ०.३९ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ). आईची संवेदनशीलता आणि बाळाची सुरक्षितता यांतला सहसंबंध १९९७च्या संकलनात ०.२४ होता. त्याचा वर्ग केला तर बाळाबाळांतल्या फरकाचा साधारण ६ टक्के भाग त्यातून समजतो. उरलेल्या ९४ टक्क्यांचा हिशेब त्या दोन दिवस रडत बसलेल्या आईकडे मागू नका.