हॉलमधला डेस्कटॉप काढून हँडहेल्ड घेतला, त्याबद्दल

डिसेंबर 2019 मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, संगणकाच्या सुट्या भागांच्या बाजारात, दोन शनिवार घालवून मी माझा पहिला गेमिंग डेस्कटॉप असेंबल करून घेतला होता. रायझन 5 3600 प्रोसेसर, जीटीएक्स 1660 सुपर ग्राफिक्स कार्ड, 16 जीबी रॅम आणि 24 इंची मॉनिटर. लोकलने डोंबिवलीला येताना कॅबिनेटचा खोका मी मांडीवरून खाली ठेवला नव्हता. पुढची पाच वर्षे त्याची धूळ ब्रशने काढणे, थर्मल पेस्ट बदलणे, पंखे साफ करणे हे सगळे मी स्वतः केले. एवढे आधी सांगतो, कारण डेस्कटॉप सोडून हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा छोटा गेमिंग संगणक, घेणाऱ्याला मुळात गेमिंगची कदरच नसते, असे अनेक जण ठामपणे म्हणतात आणि मला ते मनापासून चुकीचे वाटते.

आमचे घर वन बीएचके. आई हॉलमध्ये झोपते आणि डेस्कटॉपचे टेबल तिच्या पलंगापासून चार फुटांवर होते. लेक झाल्यापासून मला खेळायला वेळ मिळे तो रात्री साडेदहानंतर, म्हणजे नेमका आईच्या झोपेच्या वेळी. मी मॉनिटरचा प्रकाश कमी केला, कीबोर्डखाली टॉवेल घातला आणि कॅबिनेटच्या काचेवर जुने वर्तमानपत्र चिकटवले. आई कधीही एका शब्दाने बोलली नाही. पण एका रात्री सहज मागे वळून पाहिले, तर तिने पदराची घडी करून डोळ्यांवर घेतली होती. मी तेव्हाच गेम बंद केला आणि त्यानंतरचे तीन महिने डेस्कटॉप जवळपास सुरूच केला नाही.

त्या तीन महिन्यांत माझ्या लक्षात आले की आपली अडचण ताकदीची कधीच नव्हती. डेस्कटॉपला एक ठरलेली जागा लागते आणि सलग दोन तास लागतात, आणि माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या घरात राहणाऱ्या माणसाकडे नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. म्हणून मी असूस कंपनीचा रॉग ॲलाय एक्स हा हँडहेल्ड घेतला. मी घेतला तेव्हा किंमत नव्वद हजारांच्या घरात होती, म्हणून हा निर्णय घरात चर्चा करूनच झाला.

माझी सगळ्यात मोठी शंका चित्राच्या दर्जाबद्दल होती आणि तिचे उत्तर साध्या गणिताने मिळाले. 24 इंची मॉनिटरवर 1080पी, म्हणजे 1920 गुणिले 1080 पिक्सेलच्या (ठिपक्यांच्या), चित्राला एका इंचात सुमारे 92 पिक्सेल येतात. 7 इंची पडद्यावर गेम 720पीवर (1280 गुणिले 720) चालवला, तरी एका इंचात सुमारे 210 पिक्सेल येतात. म्हणजे यंत्राला 1080पीच्या निम्म्याहूनही कमी पिक्सेल काढावे लागतात आणि डोळ्यांना मिळणारे चित्र मात्र दुपटीहून दाट असते. हँडहेल्डमधली चिप मोठ्या ग्राफिक्स कार्डाची बरोबरी करत नाही, तिला ती करावीच लागत नाही. बारीक अक्षरे वाचताना मात्र त्रास होतो. मोठ्या मॉनिटरसाठी आखलेल्या गेममध्ये अक्षरांचा आकार वाढवण्याची सोय नसेल, तर तो गेम या पडद्यावर खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्रेम रेट, म्हणजे एका सेकंदात पडद्यावर येणारी चित्रे, याबाबतही असेच झाले. डेस्कटॉपवर 60 च्या खाली आलेला आकडा मला सहन होत नसे. आता मोठे गेम मी 40 वर बांधून ठेवतो. 30 फ्रेमवर प्रत्येक फ्रेम 33 मिलिसेकंद टिकते आणि 60 वर जवळपास 17. 40 वर ती बरोबर 25 मिलिसेकंद, म्हणजे दोन्हींच्या मधोमध येते. शिवाय 120 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 120 वेळा ताज्या होणाऱ्या, पडद्याला 40 ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे हालचाल एकसारखी दिसते. आकडा दहानेच वाढलेला दिसतो, पण हाताला जाणवणारा फरक त्याहून बराच मोठा असतो.

विजेचा हिशेब मात्र समजून घेतल्याशिवाय कोणीही हे उपकरण घेऊ नये. माझ्या जुन्या डेस्कटॉपमध्ये एकट्या ग्राफिक्स कार्डालाच 125 वॅट लागत. इथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही सांभाळणारी पूर्ण चिप बॅटरीवर 25 वॅटच्या आसपास चालते. बॅटरी 80 वॅट-तासांची आहे. पडदा आणि बाकीचे भाग धरून यंत्र एकूण 35 वॅट ओढत असेल, तर सव्वादोन तास मिळतात. चिप 13 वॅटवर आणली तर त्याहून बराच जास्त वेळ मिळतो. 2022 मध्ये आलेल्या, वाल्व्ह कंपनीच्या पहिल्या स्टीम डेक या हँडहेल्डची आणि 2023 च्या मूळ ॲलायची बॅटरी याच्या निम्मी, 40 वॅट-तासांची होती, त्यामुळे जुने मॉडेल स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी आधी हा एक आकडा पाहावा. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' किंवा 'हेडीज' यांसारखे हलके गेम कमी वॅटवर उत्तम चालतात आणि माझा निम्म्याहून अधिक वेळ आता अशाच गेममध्ये जातो.

पण माझ्या दृष्टीने खरा बदल अर्धवट थांबता येण्याचा आहे. लेक रडत उठली की मी बटण दाबतो, उठतो, तिला थोपटून परत येतो आणि होतो त्याच जागेवरून पुढे खेळतो. स्टीम डेकच्या स्टीमओएस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ही सोय मुळातच आहे. माझ्या ॲलायवर विंडोज आहे, तिथे मी हायबरनेट, म्हणजे चालू काम जसेच्या तसे जतन करून यंत्र बंद करण्याची सोय, लावून घेतले आहे. वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत मी गेल्या वर्षी तीन मोठे गेम शेवटपर्यंत खेळलो, तेही स्वयंपाकघरात ओट्याशेजारी स्टूल टाकून. पाच वर्षांत डेस्कटॉपवर मी इतके गेम कधीच पूर्ण केले नव्हते. स्टीम या वाल्व्हच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला कोणताही गेम मला पुन्हा विकत घ्यावा लागला नाही, ही गोष्ट कन्सोलकडे वळू पाहणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावी.

वाल्व्हने स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विक्रीस आणलेला नाही. बाहेरून मागवला तर वॉरंटीचा आधार राहत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम खेळणाऱ्यांना तर स्टीमओएस चालणारच नाही, कारण त्याची फसवेगिरी रोखणारी व्हॅनगार्ड ही यंत्रणा स्टीमओएसवर काम करत नाही.

काय गमावले, तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहितो. या यंत्राची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे आणि ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा प्रश्नच येत नाही. गेम साठवणारी एसएसडी तेवढी बदलता येते. डेस्कटॉपचा एक भाग काढून दुसरा बसवण्यात जो आनंद होता, तो मला रोज आठवतो. नेमबाजीच्या गेममध्ये अंगठ्याने हँडहेल्डवरची छोटी काठी (जॉयस्टिक) फिरवणे आणि माऊसने नेम धरणे यांची तुलना होऊ शकत नाही. जो स्पर्धेसाठी खेळतो त्याने डेस्कटॉप विकू नये. पाऊण किलोच्या आसपासचे वजन तासाभरानंतर मनगटाला जाणवते, म्हणून मी मांडीवर उशी ठेवतो.

डेस्कटॉप अंबरनाथच्या भाच्याला दिला, त्यावर तो आता थ्रीडी मॉडेलिंग शिकतो आहे. मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस मी ठेवून घेतले. रविवारी दुपारी डॉक, म्हणजे हँडहेल्ड मॉनिटरला जोडणारा स्टँड, लावून, त्यांच्यावर 'एज ऑफ एम्पायर्स टू'चा एक डाव होतो. हॉलमधले टेबल निघाल्यावर आईचा पलंग खिडकीखाली सरकवता आला, आणि सकाळचे ऊन आता थेट तिच्या उशीपर्यंत येते.