झिनियाच्या शाळेची बस आणि रंगमंच: जरा खुलासा

मोडक्या रंगमंचावर उलटून पडलेली स्कूलबस, असा एक जुना फोटो सध्या फिरतोय. सोबत मजकूर: 'भरल्या शाळेवर चक्रीवादळ, बसमधली शेकडो मुलं ठार.' फोटोमागची घटना खरी आहे, मजकूर साफ चुकीचा.

ही अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या झिनिया गावची हायस्कूल. ३ एप्रिल १९७४, दुपारचे साधारण पावणेपाच. शाळा केव्हाच सुटली होती. बसमध्ये कुणीच नव्हतं. मागे राहिली होती ती फक्त नाटकाची तालीम करणारी मुलं. एका मुलीला बाहेर काळा भोवरा, म्हणजे टोर्नेडो (जमिनीपर्यंत टेकणारं गरगर फिरणारं वादळ), येताना दिसला, तिने आत येऊन सांगितलं. मुलं रंगमंच सोडून मधल्या बोळाकडे धावली, भिंतीलगत खाली पडून राहिली. काही क्षणांत छप्पर गेलं, आणि जिथे ती मघाशी उभी होती तिथेच बस येऊन आदळली. त्या तालमीतलं एकही मूल दगावलं नाही.

गावाचं नुकसान मात्र भयंकर होतं. तीसहून जास्त माणसं गेली, शेकडो घरं सपाट झाली. धोक्याचा भोंगा त्या गावात तेव्हा नव्हताच. टोर्नेडोची तीव्रता ठरवणाऱ्या फुजिता मापनश्रेणीत हे वादळ सर्वोच्च एफ-५ गटात मोडतं. त्या एका दिवसरात्रीत १३ राज्यांत मिळून असे १४८ टोर्नेडो झाले होते.

म्हणून विनंती, फोटो पुढे पाठवायचाच असेल तर त्या मुलीने दिलेल्या हाकेसकट पाठवा.