तानपुऱ्याचा न ऐकू येणारा पंचम

आमच्या छोट्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरे तयार होतात. ज्यांच्या घरात खरा तानपुरा उभा करायला कोपरा नाही आणि तो छेडायला शिष्य नाही, अशा गायकांची ही सोय आहे. पंचम किंचित उतरला आहे, यापलीकडची तक्रार या डब्याविषयी आजवर कोणी केली नव्हती. त्यामुळे जर्मनीतल्या एका वाद्यविक्रेत्याने माल मागवताना, ‘हा तानपुरा सुरांखेरीज आणखी काय बाहेर टाकतो?’ अशा अर्थाची पृच्छा केली, तेव्हा मला तो तानपुऱ्याचा अपमान वाटला.

चौकशीअंती कळले की युरोपीय संघाचा २०१४/३०/ईयू या क्रमांकाचा ईएमसी, म्हणजे विद्युतचुंबकीय सुसंगतीचा निर्देश आहे. उपकरणाने आपल्या विद्युतचुंबकीय लहरींनी इतरांना त्रास देऊ नये आणि इतरांच्या लहरींनी स्वतः बिघडू नये, एवढेच त्याचे सार. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हे वाक्य कधीच मंजूर होणार नाही.

आपल्याकडे कोणताही नियम समोर आला की पहिला प्रश्न असतो, सही कोणत्या साहेबाची लागते? माझी खरी पंचाईत इथेच झाली, कारण या निर्देशाखाली त्रयस्थ संस्थेकडे जाणे ऐच्छिक आहे. निर्मात्याने स्वतः खात्री करून घ्यायची, स्वतःच तसे जाहीर करायचे आणि स्वतःच्या हाताने ‘सीई’ ही, युरोपचे नियम पाळल्याची खूण असलेली अक्षरे लावायची. साहेबाची मनधरणी करता येते, स्वतःची कशी करावी? ही पोकळी भरून काढायला एक एजंट अवतरले. तानपुरा न पाहताच, फ्रेमसहित, सीई सर्टिफिकेट देण्याची त्यांची तयारी होती. वस्तू दाखवायला आणू का, असे विचारले तेव्हा, ‘कशाला उगाच त्रास घेता?’ असे म्हणून त्यांनी मलाच समजावले. अॅडाप्टर पुरवणारे गृहस्थ तर आणखी उदार निघाले. अॅडाप्टरवर सीई आहे, म्हणजे त्याला जोडलेला डबाही आपोआप सीई झाला, असे त्यांचे मत होते. निर्देशाला या दोन्ही थोर विचारांची दखल घ्यावीशी वाटलेली नाही.

अखेर आम्ही तानपुरा घेऊन एका प्रयोगशाळेच्या चेंबरमध्ये दाखल झालो. भिंतींवर सर्वत्र लहरी शोषून घेणारे टोकदार शंकू होते. तानपुरा ८० सेंटीमीटर उंचीच्या टेबलावर ठेवून गोल फिरवला जात होता आणि समोरची अँटेना १ ते ४ मीटर उंचीच्या दरम्यान वरखाली होत होती. आमचा तानपुरा इतक्या बारकाईने आजवर कोणी ऐकला नव्हता. फक्त इथे त्याने गप्प बसावे अशी सर्वांची इच्छा होती. ईएन ५५०३२ या मानकानुसार, घरगुती वापराच्या ‘बी’ वर्गातल्या उपकरणाला ३ मीटरवर, ३० ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, दर मीटरला १०० मायक्रोव्होल्टपर्यंतच तोंड उघडण्याची मुभा आहे. मोजणारा ‘क्वासी-पीक’ डिटेक्टर तर मुळात रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला खरखरीचा किती वैताग येईल, या हिशेबाने बेतलेला आहे. वैताग मोजण्याचे शास्त्र आहे आणि त्याची आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून अस्तित्वात आहे, हे कळल्यावर मला युरोपविषयी प्रथमच आपुलकी वाटली.

‘सर, ४८ वर फेल आहे. ८० पण काठावर आहे,’ असे तिथल्या तरुण इंजिनिअरबाईंनी पडद्यावरचे सुळके दाखवत सांगितले. आमच्या पीसीबीवरचे, म्हणजे सर्किटच्या पाटीवरचे, ठेका धरणारे क्लॉक १६ मेगाहर्ट्झचे. चौकोनी लहर असल्याने तिच्यात विषम पटींचे उपस्वर निघतात: तिप्पट ४८, पाचपट ८०, सातपट ११२. मी मनात हिशेब केला आणि थक्क झालो. १६ हा षड्ज धरला, तर ४८ हा त्याचा पंचम आणि ८० म्हणजे साक्षात स्वयंभू गंधार! जो गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटावा म्हणून गवई जवारी लावता लावता म्हातारे होतात, तो आमच्या डब्यातून कोणी न छेडता उमटत होता आणि त्याच्या जोडीच्या पंचमासाठी आम्ही नापास होत होतो. ‘अहो, हा तर पंचम आहे,’ असे मी म्हणालो. बाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिले आणि अहवालात ‘फेल’ असे लिहिले.

गुन्हेगार होती अॅडाप्टरची दीड मीटरची वायर. ४८ मेगाहर्ट्झच्या लहरीची पाव लांबी जवळजवळ तेवढीच भरते, त्यामुळे ती वायर उत्तम अँटेना झाली होती. वायरीवर अशा लहरी अडवणारा फेराइटचा मणी आणि क्लॉकच्या वाटेत ३३ ओहमचा रेझिस्टर बसवताच पंचम आणि गंधार दोन्ही गुपचूप खाली बसले. पुढे स्थिर विजेचा झटका सोसतो का हे पाहायला डब्याला ८ किलोव्होल्टची ठिणगी दिली, तेव्हा तानपुरा क्षणभर अडखळला आणि आपण होऊन पुन्हा सुरात आला. नियमाला हे चालते. माझ्या गुरुजींना चालले नसते.

विज्ञान इथे संपले आणि लेबल सुरू झाले. सीई चिन्ह किमान ५ मिलिमीटर उंच, प्रमाणबद्ध, सहज दिसणारे आणि पुसले न जाणारे हवे. शिवाय मॉडेल, अनुक्रमांक, निर्मात्याचे नाव आणि टपालाचा पत्ता, आयातदाराचे नाव आणि पत्ता, तसेच ‘घरच्या कचऱ्यात टाकू नका’ असे सांगणारी फुली मारलेली चाकांची कचरापेटी आणि माल १३ ऑगस्ट २००५ नंतर बाजारात आला हे सांगणारी तिच्याखालची जाड रेघ. तानपुऱ्याच्या पाठीवर कचरापेटी छापायला आमच्या कारागिराने आधी साफ नकार दिला. त्यातून पत्ता पुण्याच्या पेठेतला, म्हणजे ‘दत्तमंदिरासमोरच्या बोळात, वाड्याच्या मागच्या अंगाला, दुसरा मजला’ असा. तो मावेना, म्हणून मी ‘मागच्या अंगाला’ गाळायचे सुचवले, तर भागीदार असलेल्या धाकट्या भावाचे म्हणणे की मग टपाल समोरच्या बिऱ्हाडात जाईल. त्याला तर दोघांचीही पूर्ण नावे हवी होती, वडिलांच्या नावासकट. कंपनीच्या नावावर भागवण्यासाठी मला आईची मध्यस्थी घ्यावी लागली.

तांत्रिक फाइल मात्र लवकर तयार झाली. सर्किटचे नकाशे, जोखमीचे विश्लेषण आणि चाचणीचे अहवाल माल बाजारात आल्यापासून १० वर्षे जपायचे आहेत. आमच्याकडे मागच्या तिमाहीचे वीजबिल सापडत नाही, म्हणून त्या फाइलीला देवघराखालचा कप्पा दिला आहे.

शेवटी डिक्लरेशन ऑफ कॉन्फॉर्मिटीचा, म्हणजे माल नियमांत बसतो या घोषणेचा, एक पानी कागद समोर आला. ही घोषणा केवळ निर्मात्याच्या जबाबदारीवर केली जात आहे, असे त्यात स्पष्ट शब्दांत लिहावे लागते. भावाने ते वाक्य दोनदा वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि पेन माझ्याकडे सरकवत तो म्हणाला, ‘दादा, तू मोठा आहेस. सही तुझीच शोभेल.’