टेम्पलर एका रात्रीत संपले नाहीत

तेरा तारखेला शुक्रवार आला की हमखास एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो: ‘१३ ऑक्टोबर १३०७, शुक्रवार. पोपच्या हुकमावरून हजारो टेम्पलर नाइट्सची एका रात्रीत कत्तल झाली. खजिना तेवढा अठरा जहाजांतून निसटला. पंथ कायमचा नाहीसा झाला आणि तेव्हापासून हा दिवस अशुभ.’ टेम्पलर म्हणजे धर्मयुद्धांत लढणाऱ्या ख्रिस्ती साधू-सैनिकांचा पंथ. या मजकुरात तारीख आणि वार बरोबर आहे. बाकीचं जवळजवळ सगळं चूक आहे, आणि त्या चुकीखाली खरा अन्याय झाकला जातो.

आधी कत्तल. त्या पहाटे झाली ती अटक, आणि तीही फक्त फ्रान्सात. राजा फिलिप चौथा याने हुकूम १४ सप्टेंबरलाच काढून मोहोरबंद पत्रांनी गावोगावच्या अधिकाऱ्यांना धाडला होता. पकडलेल्यांत लढवय्ये थोडे. शेतं, गुरं, कोठारं सांभाळणारे सेवक-बंधूच जास्त. येशूला नाकारलं, क्रुसावर थुंकले, मूर्ती पुजली असे आरोप. पॅरिसमध्ये नोव्हेंबर संपेपर्यंत १३८ जबाब झाले, त्यांत १३४ जणांनी काही ना काही कबूल केलं. ही कबुली कशी निघाली, ते बर्नार द वादो या टेम्पलर पाद्र्याने पुढे पंथाची चौकशी करणाऱ्या पोपच्या आयोगाला सांगितलं. त्याचे पाय विस्तवासमोर इतका वेळ धरले होते की थोड्या दिवसांनी टाचांची हाडं गळून पडली. ती हाडं त्याने आयोगासमोर काढून दाखवली.

खरी मेख इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड्यांची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, नियमात होती. कबुली देऊन पश्चात्ताप केला, तर प्रायश्चित्तावर सुटका. शेवटपर्यंत नाकारलं, तर जन्मभर कैद. पण एकदा कबूल करून मग ‘छळामुळे बोललो’ म्हटलं, तर तो ‘उलटलेला पाखंडी’, आणि त्याला जाळायचं. म्हणजे पहिल्या आठवड्यांत छळाने काढलेली कबुली हाच पुढे गळफास ठरला. १३१० च्या वसंतात जवळपास ६०० बंधू पंथाचा बचाव करायला पुढे आले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी कबुली मागे घेतली होती. सांसचा आर्चबिशप फिलिप द मारिन्यी राजाच्या मर्जीतला. त्याने हाच नियम लावून १२ मे रोजी ५४ जणांना पॅरिसच्या वेशीबाहेर जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी एमरी द व्हिलिए-ल-द्युक हा टेम्पलर आयोगासमोर आला. त्या चौपन्न जणांना गाड्यांतून नेताना त्याने पाहिलं होतं. तो म्हणाला, आरोप सगळे खोटे आहेत. पण जळायची वेळ आली तर मी काहीही कबूल करेन, प्रभूला मीच मारलं असंही सांगेन. त्यानंतर बचाव कोसळला. ही मोडतोड एका रात्रीची नव्हती, तिला वर्षं लागली.

पोपचा हुकूम? पोप क्लेमंट पाचवा याने अटकेनंतर दोनच आठवड्यांनी राजाला निषेधाचं पत्र लिहिलं. इतर देशांत अटकेचा आदेश त्याने दिला तो २२ नोव्हेंबरला, राजाच्या हातातलं प्रकरण आपल्याकडे घ्यायला. ऑगस्ट १३०८ मध्ये शिनोंच्या किल्ल्यात त्याच्या कार्डिनलांनी पंथाचा प्रमुख जाक द मोले याला पापमुक्तीही दिली. शेवटी २२ मार्च १३१२ ला व्हिएनच्या परिषदेत पंथ विसर्जित झाला तो दोषी ठरवून नव्हे, पोपच्या अधिकारात. पोपचा दुबळेपणा मोठा आणि अक्षम्यच, पण कट राजाचा होता.

अठरा जहाजं मात्र कुणी हवेतून काढलेली नाहीत. जाँ द शालों या टेम्पलरच्या जबाबात अठरा गलबतं आहेत, पण ती ऐकीव गोष्ट म्हणून. राजाच्या माणसांनी मठांच्या मालमत्तेच्या याद्या केल्या, त्यांत गाई, मेंढ्या, डुकरं, धान्य, अवजारं असाच ऐवज भरतो. पंथाची श्रीमंती जमिनीत होती. ती २ मे १३१२ ला हॉस्पिटलर या दुसऱ्या लढवय्या ख्रिस्ती पंथाला दिली गेली, आणि त्यासाठी त्यांना फ्रेंच राजाला २,००,००० लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) मोजावे लागले.

मोलेला १३१४ च्या मार्चमध्ये जाळलं. मरताना त्याने राजाला आणि पोपला शाप दिला, ही गोष्ट नंतरची. शुक्रवार १३ ची भीती या अटकेशी जोडणारा एकही मध्ययुगीन लेख नाही. जोड आधुनिक काळातली आहे.

आणि पंथ विसर्जित झाला तरी सगळीकडे त्याचा मागमूस पुसला गेला, हेही खरं नाही. सायप्रसमध्ये साक्षीदारांनी टेम्पलरांच्या बाजूने साक्ष दिली. पोर्तुगालचा राजा दिनिश याने त्यांची मालमत्ता बाहेर जाऊ दिली नाही. १३१९ मध्ये पोपच्या मंजुरीने तीच ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’ या नव्या पंथाला मिळाली. १४५६ मध्ये पोप कॅलिक्स्टस तिसऱ्याने हिंदुस्थानापर्यंतच्या समुद्रापारच्या मुलखांवरचा धार्मिक अधिकार याच पंथाला दिला. गोव्यात पोर्तुगीज राजांनी चर्चवर जो हक्क चालवला, त्याची एक मुळी तिथे पोचते.